तांबे सिस्टरांचा राब

तांबे सिस्टर गेल्याची बातमी महाडला आली ती पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या वाटेवर असलेल्या एका वाडीतून. फोन तिथल्या कोंडाबाईचा होता, सिस्टरांच्या दवाखान्यातल्या जुन्या आयेचा. वाडीत रेंज नसते, म्हणून ती डांबरी रस्त्यापर्यंत चालत आली होती. धाप लागलेल्या आवाजात तिने सांगितलं, "सिस्टर गेल्या. सकालचा चा घेतला, कप धुवून उपडा घातला, नि गेल्या." निधनवार्तेला एवढा मजकूर पुरतो. नाव, निवृत्त परिचारिका, मागे मुलगा आणि सून. गाव कोणतं लिहायचं, एवढीच अडचण आली. जन्म, नोकरी, संसार सगळं महाडचं होतं. मरण तेवढं वाडीतलं.

आमच्या आळीत कुणी दचकलं नाही. लोक दचकून गेले होते ते आदल्या वर्षीच्या मे महिन्यात, सिस्टरांनी भर सकाळी, स्वतःच्या हाताने, स्वतःची बाग जाळली तेव्हा.

सिस्टरांची सगळी नोकरी तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत झाली. निवृत्तीनंतरही त्यांना कुणी काकू किंवा आजी म्हटलं नाही. भाजीवाला, वाणी, बँकेतला शिपाई, सगळ्यांना त्या सिस्टरच होत्या. त्यांचे यजमान तांबेभाऊ एसटीत कंट्रोलर होते. तेही बायकोला "सिस्टर" अशीच हाक मारत. अंगाने बारीक, चाल झपाझप, पायात रबरी चपला. घड्याळ उलटं बांधलेलं, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. दुसऱ्याच्या घरी गेल्या तर बसत नसत. चहा उभ्यानेच घेत आणि कप स्वतः विसळून ठेवत. हात धुवायच्या ते कोपरापर्यंत, आणि नळ बंद करायचा तो कोपराने. घरचा नळ फिरवायचा असल्यामुळे तो कोपराने नीट बंद होत नसे, आणि मग तांबेभाऊ उठून तो बंद करत.

समोरच्या, म्हणजे आमच्या, घरात वार्ताहर राहतो याचा त्यांनी एकच उपयोग केला. रोज सकाळी फाटकातून विचारायच्या, "काय बातमीदार, आज कोण?" 'गेलं' हे क्रियापद त्या गृहीत धरत. नाव ऐकलं की त्या माणसाचं दुखणं सांगत. कधी झालं, कुणी दुर्लक्ष केलं, कधी आणायला हवं होतं. हळहळ नसे. वर्ग सुटल्यावर फळा पुसावा तसा त्यांचा स्वर असे.

त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं, "नंतर घाबरा." ते तालुक्यात बऱ्याच जणांनी ऐकलेलं आहे. कशेडी घाटात एकदा जीप उलटली. जखमींना दवाखान्यात आणलं तेव्हा संध्याकाळ होती आणि लाईट गेलेली होती. एका जखमीचा भाऊ भिंतीला डोकं आपटून रडत होता. सिस्टरांनी त्याच्या हातात टॉर्च दिला आणि म्हणाल्या, "इथं उजेड धर. हलवू नकोस. नंतर घाबर." तो माणूस टाके पूर्ण होईपर्यंत टॉर्च धरून उभा राहिला. हात हलला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. भाऊ वाचला नाही. पुढे कित्येक वर्षं तो माणूस दिवाळीत सिस्टरांकडे यायचा, आणि तोही चहा उभ्यानेच प्यायचा.

अशा बाईला बागेचं वेड असेल असं कुणाला वाटलं नसतं, आणि ते नव्हतंच. बाग तांबेभाऊंची होती. गुलाब, जास्वंद, मोगरा, क्रोटन, भिंतीलगत शेवंती आणि फाटकाशी अनंताचं एक भरदार झाड. ड्युटीवरून आल्यावर ते खाकी पँट दुमडून मातीत बसत. सिस्टर ओटीवरून ऐकवत, "खाता येत नाही त्याला पाणी कशाला घालायचं?"

भाऊ वर न बघता म्हणत, "नाकालापण पोट असतं, सिस्टर."

"तुमच्या नाकाला सर्दी आहे. आत या."

हा संवाद आळीला पाठ होता. अनंत फुलला की भाऊ एक फूल सिस्टरांच्या केसांच्या पिनेत खोचायचे, आणि सिस्टर ते काढून फ्रीजवर ठेवायच्या.

मोठा पूर आला त्या वर्षी तांबेभाऊ आजारीच होते. हृदयाचं दुखणं, त्यात दम. महाडला पाणी नवीन नाही. आमच्याकडे घर बांधतानाच माळा बांधतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर धान्य, कागदपत्रं, गादी वर चढवून ठेवतात. पण त्या वेळी पाणी ज्या वेगाने आलं त्या वेगाने माणूस जिना चढत नाही. सिस्टरांनी भाऊंना काखेत धरून वर नेलं. खाली फ्रीज तरंगत भिंतींना धडकत होता, तो आवाज समोरच्या घरापर्यंत येत होता. दुसऱ्या दिवशी होडी आळीत शिरली. होडीतल्या माणसाने खालून ओरडून विचारलं, "किती माणसं?"

माळ्याच्या खिडकीतून सिस्टर म्हणाल्या, "एक. आणि एक बॉडी."

होडीवाल्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्याने परत विचारलं. सिस्टरांनी त्याच स्वरात परत सांगितलं. भाऊंचे डोळे मिटलेले होते, हनुवटी कापडाने बांधलेली होती, दोन्ही पायांचे अंगठे एकत्र बांधलेले होते. सगळं नियमाप्रमाणे. होडी यायच्या आत त्या सगळं उरकून बसल्या होत्या.

मुलगा प्रशांत खारघरला असतो. रस्ता सुरू झाल्यावर तो आला आणि म्हणाला, "आई, आता इथे काय आहे? चल माझ्याकडे." त्या वेळी बागेवर नदीचा गाळ पसरलेला होता आणि त्यातून अनंताचा वरचा भाग तेवढा दिसत होता. सिस्टर हातातलं फावडं खाली न ठेवता म्हणाल्या, "त्यांची बाग उभी आहे तोवर मी इथून हलणार नाही." प्रशांतने ते वाक्य दुःखाच्या भरातलं समजून सोडून दिलं. सिस्टर भरात काही बोलत नसत, हे मुलाला माहीत असायला हवं होतं.

त्यानंतरची बाग आळीने पाहिली ती अशी. प्रत्येक वाफ्याला एक नंबर, आणि त्याला नाव 'कॉट'. कुंड्यांवर चिकटपट्टी, पट्टीवर शाईने तारीख. भाऊंच्या हातची जी झाडं गाळातून निघाली, त्या प्रत्येकाशेजारी एक बांबू, बांबूला सलाईनची धुतलेली बाटली उलटी टांगलेली, तिची नळी मुळापाशी. थेंब थेंब पाणी पडायचं. सकाळी सिस्टर घड्याळ बघून थेंब मोजत आणि नळीवरचं चाक कमीजास्त करत. सुमनकाकू, म्हणजे सिस्टरांच्या शेजारीण, देवपूजेला जास्वंद मागायला आल्या, तर उत्तर मिळालं, "तिचं ऑपरेशन झालंय. आठ दिवस भेटू नका."

"अहो, एक फूल हो, सिस्टर."

"रक्त मागताय तुम्ही तिच्याकडे."

सुमनकाकू हसत परत गेल्या. आळीत हे किस्से चवीने सांगितले जात. बाहेरगावचे पाहुणे मुद्दाम बाग बघायला येत, मोबाईलवर फोटो काढत. फोटोत सलाईनच्या बाटल्या उन्हात चमकत आणि छान दिसत. झाडं छान दिसत नव्हती, हे फोटोत कळत नसे. गाळाने ती जमीन मारून टाकली होती. पावसात पाणी वर तुंबायचं, उन्हात तिच्या बिस्किटासारख्या वड्या पडायच्या. गुलाबाला पानं यायची आणि गळायची. मोगरा काडीवर आला होता. सिस्टर नवीन झाड आणत नसत. नर्सरीवाल्याने फुकट देऊ केलेलं रोपही त्यांनी परत पाठवलं. जी होती तीच जगवायची. फाटकाशी असलेला अनंत तेवढा खरोखर जगला होता. त्याच्या बुडाला चढ होता, तिथे गाळ कमी साचला. तो पूर्वीसारखाच फुलायचा. फूल मात्र झाडावरच पिवळं पडायचं.

अशी काही वर्षं गेली. मग प्रशांतने एका उन्हाळ्यात आईला महाबळेश्वरला न्यायचं ठरवलं. हॉटेल बुक केलं, गाडी आणली. हेतू त्याने लपवला नाही. चार दिवस थंड हवेत आईशी बोलायचं आणि पावसाळ्याआधी तिला खारघरला हलवायचं. सिस्टर जायला तयार झाल्या याचंच आळीला नवल वाटलं. सुमनकाकूंनी बजावलं, "तिथल्या बागा बघून या, सिस्टर. काय एकेक फुलं असतात! आपल्याकडे काही करता येईल का बघा." सिस्टर म्हणाल्या, "बघते."

त्या महाबळेश्वरला पोचल्याच नाहीत. पोलादपूर सोडून गाडी घाटाला लागली, तेव्हा एका वळणावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. तिथून कोंडाबाईच्या वाडीची पायवाट वर जाते. कोंडाबाई दवाखान्यात वीस-बावीस वर्षं आया होती, सिस्टरांच्या हाताखाली. तिच्यासाठी गुडघ्याचं मलम आणलं होतं, ते देऊन येते म्हणाल्या. समोरच्या उतारावर धूर होता. सूनबाई स्नेहल गाडीतून उतरून त्याचे फोटो काढत राहिली. बराच वेळ झाला. मग सिस्टर एकट्याच खाली आल्या, डिकीतून आपली बॅग काढली आणि म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. परत जाताना मला इथून घ्या."

"आई, हॉटेल..."

"हॉटेल कुठं पळून जात नाही."

प्रशांतने नंतर आमच्या ओटीवर बसून हे सांगितलं, तेव्हाही त्याच्या आवाजातून ते आश्चर्य गेलेलं नव्हतं. आई असं काही करेल याची त्याला कल्पना नव्हती आणि आपण गाडी सुरू करून पुढे जाऊ याचीही नव्हती.

वाडी म्हणजे मोजकी घरं, त्यांतली बरीचशी बंद. तरुण माणसं मुंबईला. कोंडाबाई त्या दिवसांत राब भाजत होती. आमच्या डोंगरपट्ट्यात नाचणी किंवा भात थेट शेतात पेरत नाहीत. आधी जमिनीच्या एका तुकड्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरायच्या, त्यावर शेण, त्यावर पाला, सगळ्यात वर बारीक माती, आणि ते सगळं भाजायचं. त्या राखेत बी पेरायचं. रोप आलं की उपटून शेतात लावायचं. ज्या तुकड्यावर हे करतात तो राब. सिस्टर तालुक्यात जन्मल्या, तालुक्यात नोकरी केली, डोंगरावरचा धूर दर उन्हाळ्यात पाहिला. जवळ जाऊन तो कधी पाहिला नव्हता.

कोंडाबाई सांगते, "मी त्यांना सावलीत बसा म्हटला. त्या काय बसतात! हात धुतलान, पदर खोचलान, नि शेण पसरायला लागल्या. आग कुठून लावायची, मातीचा थर किती, सगला इचारला. मी म्हटला, वारा येतो त्याच्या उलट्या अंगाला लावायची. भडका नाय उडला पायजे, नुसता धुमसला पायजे. मंग इचारतात, हे जलतं त्याचा पुढं काय? मी म्हटला, काय म्हंजे? त्याच्यावं पेरायचा. तर राख हातात घेतलान नि चोलून बघितलान."

चार दिवसांनी प्रशांतने आईला त्या वळणावरून उचललं, तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. स्नेहलने महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीची रोपं आणि डेलियाची कुंडी आणली होती, सासूबाईंना खूश करायला. गाडीत ती म्हणाली, "आई, तुमच्या बागेसाठी बघा." सिस्टर म्हणाल्या, "बागेसाठी मला सुचलंय." स्नेहलने आनंदाने विचारलं, "काय हो?" महाडला आल्यावर स्ट्रॉबेरी आणि डेलिया सुमनकाकूंना मिळाली.

प्रशांत खारघरला परतला. त्याच आठवड्यात एका सकाळी आळीत धूर पसरला. सुमनकाकू गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्या ओरडल्या, "अहो सिस्टर, काय जाळताय? कचरा?"

"बाग."

"काय?"

"बाग, सुमनताई. पापड आत घ्या. वारा पडलाय, पण राख उडेलच."

रस्ता ओलांडून गेल्यावर जे दिसलं ते असं. सगळी झाडं बुडापासून तोडलेली. त्यांच्या फांद्या ज्याच्या त्याच्या वाफ्यात नीट थरांनी पसरलेल्या, वर शेण, पालापाचोळा, वर चाळलेला गाळ. सलाईनच्या बाटल्या भिंतीशी ओळीने, बांबू एका बाजूला. कडेच्या वाफ्यातून पांढरा धूर जमिनीलगत सरकत होता. आणि शेवटच्या वाफ्यात, सगळ्यांत वरच्या थरात, कळ्यांसकट अनंत होता. हिरवागार. त्याची पानं उष्णतेने आधी चमकली, मग कडेने आत वळली.

आळीतली माणसं फाटकाशी जमली. कुणी आत गेलं नाही. सुमनकाकू रडायला लागल्या. "अहो, भाऊंची बाग! वेड लागलं का तुम्हाला?"

"पुरापासून मेलेल्यांना सलाईन लावत होते," सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्यात असं केलं असतं तर मला सस्पेंड केलं असतं."

"आणि अनंत? तो तर जिवंत होता! तो तरी ठेवायचा!"

"एक ठेवला की सगळी ठेवावी लागतात."

हे बोलताना त्यांची पाठ अनंताकडे होती. हातात काठी होती. धूर डोळ्यांत जात होता आणि त्या डोळे मिटत नव्हत्या.

कुणीतरी फोन केला होता. नगरपालिकेचा बंब आला. बंबावरच्या जवानाने पाईप ओढला आणि सिस्टरांना पाहून तो थबकला. त्याच्या दोन्ही मुलींच्या जन्माच्या वेळी सिस्टर ड्युटीवर होत्या. त्याने विचारलं, "सिस्टर, पाणी मारू?"

"मारलंस तर हात मोडीन. भडका उडालाय का कुठं? नाही ना? मग उभा राहा."

तो उभा राहिला. बंब उभा राहिला. सगळी आळी उभी राहिली. एका माणसाच्या बागेचा विस्तव अर्धं गाव शिस्तीत बघत होतं. अनंताच्या कळ्यांचा वास धुरात मिसळून आळीभर पसरला होता. तो वास चांगला होता, हेच सगळ्यांत वाईट होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कोंडाबाई खाली आली. तिला काही माहीत नव्हतं. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तिच्या हातातली पिशवी पडली. "अगो बाय सिस्टर, ह्ये काय केलंत?"

"राब."

"राब असा असतो? राबाला आमी रानातली टाल तोडतो, वरच्या फांद्या. झाड ठेवतो. त्याला परत फूट येते, फुडल्या साली परत तोडतो. घरचा झाड बुडातना कोन तोडतं?"

"परत फुटू नयेत म्हणून बुडातून तोडली."

कोंडाबाई ओटीच्या पायरीवर बसली. तिने कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "तुमी लय कठीण हाव हो, सिस्टर." सिस्टरांनी तिला चहा दिला आणि सांगून ठेवलेलं नाचणीचं बी आणलंय का, ते विचारलं.

प्रशांत बातमी कळताच आला. फाटकातून आत गेला आणि राखेच्या वाफ्यांमधून एक चक्कर मारून बाहेर आला. त्याने शेजाऱ्यांना विचारलं, आई आणखी काही विचित्र वागते का? विसरते का? रात्री झोपते का? मग त्याने ओळखीच्या तरुण डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टरांनी सिस्टरांना वार, महिना, पंतप्रधानांचं नाव विचारलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सिस्टरांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "घड्याळाचं चित्र काढायचं राहिलं का? कागद देऊ?" डॉक्टर संकोचून हसले. बाहेर येऊन त्यांनी प्रशांतला सांगितलं, "त्या अगदी ठीक आहेत. पूर्ण भानावर आहेत."

ते ऐकून मुलाचा चेहरा पडला. आईला काही झालेलं असतं तर त्या राखेला कारण मिळालं असतं.

त्या दुपारी ओटीवर मायलेकांचं जे बोलणं झालं ते समोर ऐकू येत होतं, कारण दोघांनीही आवाज कमी केला नव्हता.

"बाबांची होती ती बाग, आई!"

"म्हणूनच."

"तूच म्हणाली होतीस, बाग उभी आहे तोवर हलणार नाही."

"हो. आता नाही उभी. मी मोकळी झाले."

प्रशांतच्या लक्षात यायला वेळ लागला. "म्हणजे येतेस? खारघरला?"

"मोकळी झाले म्हटलं. तुझ्याकडे येते असं कुठं म्हटलं?"

"मग कुठे जाणार तू?"

"ते अजून ठरायचंय. पेरलंय ते उगवू दे."

प्रशांतने शेवटी पावसाळ्याची मुदत दिली. पाऊस जोर धरायच्या आत तो येणार, आईला नेणार, घर विकायला काढणार. सिस्टर "बरं" म्हणाल्या. त्या 'बरं' म्हणाल्या की समोरच्याला होकार वाटायचा. दवाखान्यातल्या लोकांना माहीत होतं की त्याचा अर्थ 'ऐकलं' एवढाच असतो.

नाचणी उगवली. मेलेल्या त्या जमिनीत, गाळ भाजून भुसभुशीत झालेला, वर राख आणि शेण, त्यातून रोप असं दाटीने वर आलं की माती दिसेना. पुरानंतर तो रंग त्या कुंपणाच्या आत कुणी पाहिला नव्हता. सुमनकाकू गच्चीवरून रोज बघायच्या, पण कौतुक करायच्या नाहीत. त्यांनी अनंतासाठी सिस्टरांना माफ केलं नव्हतं, आजही केलेलं नाही. वाफ्यांना आता नंबर नव्हते. सिस्टर थेंब मोजत नव्हत्या. कधी नव्हे ते ओटीच्या पायरीवर बसून चहा पीत होत्या.

मग एका पावसात कोंडाबाईचा राब असलेला उतार खाली सरकला. घरं वाचली, माणसं वाचली. हातभर वाढलेलं रोप मातीसकट ओढ्यात गेलं. वर्तमानपत्रात ती बातमी दोन ओळींची झाली, कारण जीवितहानी नव्हती. पण रोप गेलं म्हणजे त्या वाडीतल्या मोजक्या म्हाताऱ्या माणसांचं वर्ष गेलं. पेरून नवं रोप करायला वेळ उरला नव्हता. शेजारच्या वाड्यांकडे आपल्यापुरतंच होतं. कोंडाबाईने हे फोनवर सांगितलं ते रडत रडत, मागायला म्हणून नव्हे. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी कोण देतं तुमच्याकडे?"

रविवारी सकाळी पोलादपूरहून एक पिकअप आला. कोंडाबाई आणि वाडीतल्या दोन बाया उतरल्या. त्याच वेळी आळीच्या दुसऱ्या टोकाने प्रशांतची गाडी आली. मुदतीप्रमाणे तो आईला न्यायला आला होता, डिकीत रिकामी खोकी होती. फाटकातून आत त्याला दिसलं ते असं की चार बाया चिखलात वाकून बाग उपटत होत्या, आणि त्यांतली एक त्याची आई होती.

"आई, हे काय? पुन्हा?"

"रोप चाललंय वाडीवर. मी बरोबर जाते."

"बरोबर कशाला? त्या नेतील की."

"पेशंट शिफ्ट करताना सिस्टर बरोबर जाते."

"आणि परत कधी येणार?"

सिस्टर ताठ उभ्या राहिल्या. हात चिखलाने भरलेले होते, म्हणून केस त्यांनी मनगटाने मागे सारले. "घर विक, प्रशांत. त्यात माझं काही अडलेलं नाही. मी कोंडाकडे राहीन. तिच्याकडे खोली आहे, आणि तिथं औषधपाणी बघायला माणूस नाही."

"तिथे दरड पडते आई! आत्ताच पडली ना? त्या वाडीला दर पावसात हलायला सांगतात!"

"इथं माळ्यावर काय झालं ते तू पाहिलं नाहीस," सिस्टर म्हणाल्या. "मी पाहिलं. कुठं मरायचं ते मी ठरवत नाही. कुठं राहायचं ते ठरवते."

प्रशांत काहीतरी बोलणार होता. कोंडाबाई मध्येच म्हणाली, "बाला, तुजी आई माझ्याकडं उपाशी नाय रायची. रागाव नको. ये ना तू, रस्ता हाय." सिस्टरांनी रोपांची एक मोठी मोळी ओल्या लुगड्यात बांधली होती. ती त्यांना एकटीला उचलेना. त्या मुलाला म्हणाल्या, "ते टोक धर." त्याने धरलं. दोघांनी ती मोळी पिकअपवर चढवली, मग दुसरी, मग तिसरी. त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर चिखलाचे पट्टे उठले. सिस्टरांनी ते पाहिले, पण पुसले नाहीत. त्यांचे हातही तसलेच होते.

पाऊस वाढला. बायांना ड्रायव्हरने पुढे बसवलं. सिस्टरांसाठीही जागा केली होती. त्या मागे, उघड्या हौद्यात चढल्या आणि मोळ्यांच्या मधे बसल्या. प्रशांतने गाडीतून छत्री आणून वर दिली. त्यांनी ती उघडली. पिकअप आळीच्या तोंडाशी वळून पोलादपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या दिसत होत्या. छत्री रोपांवर धरलेली होती. सिस्टर भिजत होत्या.